बाईंच्या सीटखालचा पाना

माझा जल्म नगर जिल्ह्यातल्या अकोल्याकडचा, डोंगरातला. आमच्याकडं भात पिकतो, आन् पानी आमाला काय नवं न्हाई, पावसाळ्यात चार-चार म्हैने अंगावरचं कापड वाळत न्हाई, पर मोटर कशी असती ते मी मिसरूड फुटंस्तवर बघितलं नव्हतं. जर्मन-जपानची लढाई सुरू झाली तवा नगरच्या क्यांपात भरती चाललीया असं कळलं. बाप म्हनाला जाऊ नको, आई रडली, मी गेलो. उंची मोजली, छाती मोजली, आन् मला बंदूक न द्येता ष्टेरिंग दिलं. लई वाईट वाटलं हुतं तवा, खोटं कशाला सांगू ताई. मग एकदा का चाकं माझ्या हाताखाली फिराया लागली, की बंदुकीची याद बी ऱ्हायली न्हाई.

आसामकडं तीन वर्सं ट्रक हाकला म्या. तिकडच्या नद्या म्हंजी काय सांगू तुमाला. आमचा हवालदार पंजाबी हुता, दाढीवाला, तोंडानं लई वाईट पर मानूस सोन्यासारखा. त्यानं एकच गोष्ट घोकून घेतली आमच्याकडनं. गाडी पान्यात बंद पडली तर पुन्ना चालू करायची न्हाई. भाईर काढायची, पाना घ्यायचा, सगळे प्लग काढायचे, हँडल मारायचं, इंजिनाच्या पोटातलं पानी वकू द्यायचं, मग प्लग बसवायचे. पेट्रोलचा वाफारा दाबला जातो, पानी दाबलं जात न्हाई, त्ये आतला लोखंडाचा दांडा वाकवतं, म्हनायचा. झोपंत बी इचारलं असतं तर मी सांगितलं असतं. आन् हेच मी इसरलो न्हाई बरं का. इसरलो असतो तर येवढं लागलं नसतं.

लढाई संपली, घरी आलो, चिखलात मन रमंना. मग नगरला एका वकीलसाहेबांकडं डायवर ऱ्हायलो. त्यांनी मिलिटरीच्या लिलावातली एक जुनी मोटर घेतली हुती, वरनं कापडी टप, आन् हत्यारांची पिशवी मागल्या सीटखाली. ही सीटखालची गोष्ट ध्येनात ठिवा. वकीलसाहेब बामन, घर सोवळ्या-ओवळ्याचं. माझा च्याचा कप वसरीच्या कोनाड्यात येगळा असायचा, मीच धुवायचा, मीच ठिवायचा. मला त्याचं काय वाटत नव्हतं, समद्यांच्याच घरी तसंच हुतं. बाई म्हंजी वकीलसाहेबांची मंडळी, पन्नाशीच्या आत-भाईर, बोलायच्या कमी. पर माझ्या बायकूला दिवस गेल्ते तवा डिंकाचे लाडू करून माझ्या हातात वरनं सोडले हुते, शिवायचं न्हाई म्हनून. लाडू मातर डब्बाभर.

स्वराज्य मिळालं त्याच्या आदल्या सालचा पावसाळा. वकीलसाहेब खटल्यासाठी पुण्याला गेल्ते, आन् सकाळच्याला कोल्हारहून मानूस आला. कोल्हार बाईंचं म्हायेर. वडील शेवटच्या घटका मोजत्यात, बाईंचं नाव घेत्यात, म्हनाला. बाईंनी काय रडारड केली न्हाई. न्हायल्या, सोवळं नेसल्या, देवघरातनं गंगेचा गडू काढला. तांब्याचा, तोंड झाळून बंद केलेला, वडलांनीच काशीहून आनून लेकीला दिल्ता. आता त्यातलं पानी त्यांच्याच तोंडात घालायचं हुतं. गडू मांडीवर घिऊन बाई मागं बसल्या आन् म्हनाल्या, किसन, दुपारच्या आत पोचव. मी म्हन्लो, पोचिवतो बाई. असा सबूद दिला म्या.

राहुरी मागं पडली तवर पाऊस भुरभुरच हुता. पुढं येक ओढा लागतो, त्यावर फरशी, पुलबिल काय न्हाई. फरशीवरनं पानी चाललं हुतं, गढूळ. मी उतरलो, धोतर वर खोचलं, चालत मधापातूर गेलो, पानी गुडघ्याच्या खाली. म्हन्लं येवढ्याला काय भ्यायचं, आसामात नद्या ओलांडल्यात. गाडी घातली. आन् मधीच, कसं सांगू, वरल्या अंगाला कुठं ढग फुटला हुता देव जाने, पान्याचा लोंढाच आला आडवा. बानेटावर चढला, टपाच्या खालनं आत शिरला, इंजिनानं येकदा ठसका दिला आन् ठप्प. बाईंनी पाय वर घेतले, गडू छातीशी धरला.

काठावर बैलवाले हुते, त्यांनी बघितलं, आरोळ्या ठोकल्या. नानाभाऊ म्हनून येक म्हातारा शेतकरी, त्यानं दोन बैलजोड्या आनल्या, नाडा बांधला आन् गाडी वढून पार पल्याडच्या चढावर काढली. वीस-पंचवीस मानूस जमलं. समदे खूस, म्हनत्यात वढ्यानं सोडली गाडी, आता मार हँडल डायवर. मी हँडल घातलं. अर्धं फिरलं आन् थटलं. भिंतीला टेकल्यावानी. मला तिथंच कळलं, पोटात पानी हाय. पाना घ्यायचा, प्लग काढायचे. पंधरा मिनटाचं काम.

पर पाना कुठं? बाईंच्या सीटखाली. आन् बाई सीटवर, वल्या सोवळ्यात, मांडीवर गंगा, व्हट हालत्यात, काय तरी जप चाललाय. मी दारापातूर गेलो. हात माझे काळे, ग्रीसनी भरल्याले. उठा म्हनायचं म्हंजी त्यांनी चिखलात उतरायचं, गडू कुनाच्या तरी हातात द्यायचा, कुनाच्या देनार तिथं, माझ्याच की. आन् सीट उचलताना माझ्या धोतराचा सोगा लागला, शिंतोडा उडाला तर गंगा बाटली, मग मरत्या मानसाच्या तोंडात काय घालनार? ताई, माझ्या तोंडातनं उठा येवढा सबूद निघंना. लढाईत बॉम्ब पडताना मी भ्यालो नव्हतो, त्या बाईला उठा म्हनायला भ्यालो.

तवर लोक म्हनाया लागले, अरं हँडलनं न्हाई तर ढकलून चालू हुईल, पुढं उतार हाय. बाई पन म्हनाल्या, किसन, होईल ना रे लवकर? मी म्हन्लो, व्हय बाई. आन् चढून बसलो. कळून-सवरून बसलो. वीस मानसांनी जोर लावला, गाडी उताराला लागली, पळाया लागली, मी दात-व्हट खाऊन गेर टाकला आन् क्लच सोडला.

खाडदिशी आवाज झाला. येकच. गाडी जागच्या जागी थांबली, मी ष्टेरिंगवर आपटलो. लोकांचा कालवा बंद झाला. मी तसाच बसून ऱ्हायलो, कानात नुसता त्यो आवाज. नानाभाऊ खिडकीशी येऊन म्हनला, काय मोडलं रं?

मग काय, नानाभाऊनं बैलगाडी जुपली. बाई गाडीतनं उतरल्या त्या सरळ चिखलात, घोट्याएवढ्या चिखलात, चालत गेल्या आन् बैलगाडीत बसल्या. म्या त्ये बघितलं आन् तवाच मनात आलं, की हेच जर घटकाभर आधी... कोल्हार तिथनं तीन कोस. मी मागनं चालत. वाड्यापाशी आलो तवा बायांचा हंबरडा ऐकाया आला. तासभर झाला हुता जाऊन. जाताना इचारलं म्हनं, मोटर आली का नगरची. बाई दारात उभ्या, हातात गडू तसाच, झाळल्याला.

नगरहून मिस्त्री आनला, इंजिन उघडलं. दोन दांडे वाकून इळ्यासारखे झाल्ते, येकानं तर बाजूचं लोखंड फोडून भोक पाडलं हुतं. वंजळभर पानी, ताई. वंजळभर पान्यानं येवढं लोखंड मोडलं. मिस्त्री वकीलसाहेबांना म्हनला, ह्याला कळत नव्हतं का प्लग काढायचं? वकीलसाहेब माझ्याकडं वळले. मी म्हन्लो, कळत हुतं. साहेब म्हनाले, मग का नाही काढलेस? मी म्हन्लो, पाना बाईंच्या सीटखाली हुता. साहेब आत निघून गेले. रागावले असते, हाकलला असता तर बरं वाटलं असतं. आत निघून गेले.

तेरावा झाल्यावर बाई नगरला आल्या. वसरीत मी फडकं घिऊन बसलेलो, पुसायला गाडी नव्हती तरी बसायचो. बाई उंबऱ्यात आल्या, साहेबांनी समदं सांगितल्यालं. म्हनाल्या, किसन, मला उठा म्हणायचं नाही का? मी उठले असते रे, म्हनाल्या. गडू तुझ्या हातात दिला असता.

बस, येवढंच. आवाज चढवला न्हाई का काय न्हाई. मी येवढा हबकलो, येवढा हबकलो, की त्या इंजिनाच्या आवाजानं बी हबकलो नव्हतो. माझ्या ध्येनीमनी नव्हतं असं काय बाई म्हनतील. आन् म्हनत्याल तर मग त्या कोनाड्यातला कप, त्ये वरनं सोडलेले लाडू, ह्याचं काय मानायचं आपुन? आजपातूर मला त्याचा उलगडा झाला न्हाई. बाईंना तरी झाला हुता का, म्हाईत न्हाई. चार दिसांनी कोनाड्यात कप दिसंना. च्या आला त्यो घरातल्या कपात, आन् बाईंनी त्यो हातात दिला, वरनं सोडला न्हाई. मी पेलो. पर कसा पेलो माझं मला ठाव.

आता हात कापत्यात, गाडी चालवत न्हाई. गडी-मानसं, नातवंडं समदं हाय, देवाच्या दयेनं बरं चाललंय. तरी बी पावसाळ्यात कुनाची जीप वढ्यात बंद पडली की मला बोलावनं येतं. मी जातो काठी टेकत. आत कोन बी असू दे, पुढारी असू दे, नवरीबाई असू दे, आधी म्हन्तो, उठा. मोठ्यानं म्हन्तो. लोक हसत्यात, म्हनत्यात म्हातारा खेकसतो. खेकसू दे. लगीच उठत्यात बघा समदी, कुनी बी न्हाई म्हनत न्हाई. तुमी बी सुखी ऱ्हावा ताई, आन् कुनाला काय सांगायचं आसंल तर सांगून टाका.