तुला धरून किती?

सई आणि नील, मे महिन्यात तुम्ही इंदूबाईंच्या गाड्यावरचा पिझ्झा खाल्लात आणि मला दोन प्रश्न विचारलेत. त्या पिझ्झा कातरीने का कापतात? आणि एवढा मोठा असून तो एवढा स्वस्त कसा? मला उत्तरं ठाऊक नव्हती, म्हणून तीन दुपारी त्यांच्याजवळ स्टूल टाकून बसले आणि त्यांनाच विचारलं. त्या बोलल्या तसं लिहिलं आहे. मध्ये मध्ये मी बोलले ते गाळलं आहे.

– आज्जी, निपाणी

*

लिवा बाई. माझा जनम हितलाच, निपाणीचा, विहाराच्या मागच्या गल्लीतला. आज्जी विड्या वळायची, आई विड्या वळायची, शेजारच्या समद्या बायका विड्या वळायच्या, तवा मी काय वेगळं करणार हुते? सात वर्षांची असताना माझ्या हातात कातर आली. खेळायला न्हवं. विडीची पानं भिजवून ठिवल्याली असायची, त्यावर पत्र्याचा मापाचा तुकडा धरायचा आन त्याच्या कडंनं कातर फिरवायची, समदी पानं एकसारखी आली पायजेत, एक मोठं एक बारकं चालायचं न्हाय. काय सांगू तुमाला, पुढं पुढं तर पत्रा लागंनासा झाला, डोळ्यालाच माप कळायचं. तंबाखूचं बी तसंच, चिमटीत धरली की तेवढीच, सकाळधरनं सांजपातूर वळा, चिमूट तीच.

आन ती छाट. छाट म्हंजे काय, सांगते, तुमच्या नातवंडास्नी कुटलं ठावं असणार. आई विड्यांचे कट्टे बांधून कारखान्यात न्यायची. तितं चेकर बसलेला असायचा, त्यो कट्टा सोडायचा, ही वाकडी, ही ढिली, म्हणून मूठभर विड्या बाजूला काढायचा. ती छाट. तिचं पैसं न्हाय, आन विडी बी परत न्हाय. वाकडी न्हवती हो बाई, मी सोता कातरलेलं पान असायचं, मला ठावं न्हाय व्हय? पर आई तशीच घरी येऊन भाकरी मोडायची. आमी पाच भावंडं, बाबा आन आज्जी, सात वाटण्या करायची. तुझं गं, म्हणलं की म्हणायची, माझं झालंय. कवा झालंय, कुटं झालंय, कुणी बगितलं न्हाय.

मग माझं लगीन झालं. चार घरं सोडून दिलं, वरात निघाली न्हाय तवर पोचली बी. आमचे हे तंबाकूच्या वखारीत पोती उचलायचे. लई शांत माणूस. आमचा पोरगा मिलिंद धाव्वीला असताना गेले. तवर विडीचं काम बी पातळ झालतं, आटवड्यात चार दिस मिळालं तर मिळालं. मग मी बेकरीवाल्या अण्णांकडं पीठ मळायला लागले. तितं धा वर्सं काढली. पाव शिकले, खारी शिकले, नानकटाई शिकले, आन पिझ्झ्याचा ह्यो बेस. पयल्यांदा बगितला तवा मला वाटलं, ह्या अण्णांची भाकरी फुगली न्हाय. म्या तोंडावर म्हणलं, अण्णा, तवा तापला न्हवता काय? समदी बेकरी हसली.

मिलिंद तवर बेळगावला, खासबागेत खोली करून ऱ्हायला हुता. तितं एका पार्सलवाल्या हाटेलात, बर्गर-पिझ्झ्याच्या भटारखान्यात कामाला हुता. दोन वर्सांनी आला आन म्हणला, आई, मी शिकलोय, तुला बेस येतोय, आपून आपला गाडा घालू. म्या म्हणलं, घालू की.

पयला दिस सांगू? बर्गर केला चाळीस रुपयाला. एक पटकेवाले आजोबा आले, बटाट्याचं बियाणं बगायला आलते बाजारात, त्यांनी ते हातात घिऊन वरचा पाव उचलला, आत बगितलं, परत ठिवला. म्हणले, आक्का, ह्यो वडापावच हाय, फकस्त टोपी घातलीया. आन वडापाव पंध्रा रुपयाला, मग हे वरचं पंचवीस टोपीचं व्हय? माझा पोरगा लाल झाला. पर म्या काय म्हणलं, आजोबा, बराबर बोलला तुमी. खाऊन बगा, पोट भरलं न्हाय तर पैसं देऊ नगा. त्यांनी खाल्ला, मिशा पुसल्या, पैसं दिलं, आन जाताना म्हणले, टोपी जरा वजनदार कर.

तवापासनं आमच्या टिक्कीत नुस्ता बटाटा न्हाय. भिजवलेली हरभऱ्याची डाळ, वाटाणा, गाजर, आन ती तव्यावर दाबून भाजायची, तेलात सोडायची न्हाय. पांढऱ्या सॉसासंगं आपली शेंगदाण्याची लसणाची चटणी. आन एक गोष्ट त्या आजोबांनीच लावली. बर्गर असूं दे न्हायतर पिझ्झा, झाकायच्या आधी गिऱ्हाइकाला दावायचा. उघडा. बग बाबा, ही टिक्की, ही काकडी, हे चीज. मग झाकायचा. चेकरनं कट्टा उघडून आमचं काढून घेतलं, म्या उघडून दावते आन देते.

आता कातरीचं. मिलिंदनं बेळगावास्नं ते चाक आणलं हुतं, पिझ्झा कापायचं. ते माझ्याच्यानं चालंना. चीज संगं वढून न्यायचं, कडंचा तुकडा मोठा, मदला बारका. मग म्या गेले, ज्या लोहाराकडनं आमी विडीच्या कातरी घ्यायचो त्याच्याच पोराकडं, आन नवी कातर करून घेतली, लांब पात्याची. मिलिंद म्हणला, आई, लोकं हसतील. हसली की! दोन दिस हसली. तिसऱ्या दिशी तीच लोकं पोरास्नी बगायला घिऊन आली.

आन तुकडं किती, ते मला पारूनं शिकवलं. पारू म्हंजे चिकोडीच्या वाटंवरच्या खेड्यातली, बाजाराच्या दिशी भाजी विकायला येती. एक डाव पाटी रिकामी करून आली, म्हणली, आक्का, पोरं लई मागं लागल्यात, एक पिझ्झा बांध, पर आठ तुकडं नगं, सा कर. आठ केलं की दोन उरतात आन त्या दोनावरनं महाभारत हुतंय. म्या इचारलं, घरात माणसं किती? म्हणली, सा. म्या नावं इचारली बगा, उगंच. तीन पोरं, मालक, सासू, सासरा. झाली सा. म्या म्हणलं, आन तू? ती हसली. म्हणली, मी काय, मी हितनं वासच खाऊन जाते की.

बाई, माझी आई उभी ऱ्हायली हो समोर. माझं झालंय, म्हणणारी.

म्या सात कापलं. डोळ्याच्या मापानं, एकसारखं. सात कापाय लई अवघड, तुमी गणिताच्या बाई, तुमाला ठावंच हाय, पर विडीचा हात हाय माझा. तवापासनं म्या प्रत्येक बाईला इचारते, घरात माणसं किती? आन तिनं आकडा सांगितला की फिरून इचारते, तुला धरून? दहातल्या आठ जणी थांबत्यात. बोटं मोजत्यात. मग वरनं एक वाढवत्यात. कानडी बाई आली तर तेच कानडीत, मन्याग एष्ट मंदी, म्हणून इचारते, ती बी तशीच, सोताला सोडून मोजती. पारू तर पुढं पुढं गाड्याजवळ यायच्या आधीच वरडायची, आक्का, सात, मला धरून!

आन मग तिकडं हमरस्त्याला ते काचंचं दुकान झालं. आत गार हवा, गाणी, एकावर एक फुकट. नाव कशाला घ्या, त्यांचं त्यांच्यापाशी. पर आमचं निम्मं गिऱ्हाईक तिकडं गेलं. कालिजची पोरं तर समदीच. मिलिंद रोज गाड्यावर कोपर टेकून बसायचा. घरात त्याच्या बायकोला दिवस गेलेले, त्याला काळजी. एक दिस म्हणला, आई, नऊ इंची बेस सोडूया. सात इंची करू. पैसं तेवढंच ठिवू, खोकं बी तेच. दोन इंचानं कुणाला काय कळतंय? बेळगावात समदी करत्यात. म्या न्हाय म्हणलं. तर म्हणला, आई, तुला गाडा पायजे का माप पायजे? बाळ येणार हाय घरात, मी परत खासबागेला जाऊ व्हय खोली करायला?

ते मला लागलं. बाप गेला त्याचा, आता पोरगं बी लांब जाणार. म्या म्हणलं, कर बाबा.

बेस म्याच भाजलं, सात इंची. भाजताना काय वाटलं न्हाय. पर गोलाचं लबाड असतंय बगा, समद्या काठानं दीडच बोट जातंय आन पोटातनं निम्मा पिझ्झा गेल्यागत हुतंय. आन मला माझंच उमगलं न्हाय, त्या आटवड्यात म्या खोकं उघडून दावलंच न्हाय कुणाला. कापायचं, झाकायचं, दोरा गुंडाळायचा, घ्या. हातच आपोआप झाकत हुता.

बाजाराच्या दिशी पारू आली. लांबनंच, आक्का, सात, मला धरून! म्या कापलं, झाकलं, दिलं. ती हुबीच. म्हणली, दाव की गं, आज दावलं न्हाईस. म्या म्हणलं, तुजी गाडी लागलीया न्हवं. म्हणली, लागू दे, आदी दाव. मग उघडलं. त्या मोठ्या खोक्यात त्यो बारका पिझ्झा, आन त्याचं सात तुकडं, विड्याच्या पानाएवढं एकेक. पारूनं बगितलं. माझ्याकडं बगितलं. आन काय म्हणली ठावं हाय? रागवाय पायजे हुतं तिनं. म्हणली, म्हागाई लई झाली न्हवं आक्का, तू तरी काय करशील. असं कर, माझा तुकडा धाकट्याच्याला जोड. मला धरू नगं आता.

मला धरू नगं, म्हणली.

बाई, म्या त्या चेकरच्या खुर्चीत बसलेते. दुसरं काय? कट्टा उघडून तिची विडी काढून घेतली, आन तीच मला म्हणती, तू तरी काय करशील.

म्या तिला गाडीला जाऊ दिली न्हाय. एक बर्गर भाजला, डबल टिक्कीचा, तिच्या हातात दिला, म्हणलं, हितं खा. माझ्याम्होरं. ती म्हणली, अगं रस्त्यात? लोकं काय म्हणतील? म्या म्हणलं, खा गपगुमान. लाजत लाजत खाल्ला तिनं, सगळा, बोटं बी चाटली. खोकं घिऊन पळाली मग. तिची ती गाडी चुकली, पुढची धरली.

सांच्याला मिलिंदला म्हणलं, उद्यापासनं नऊ इंची. त्यो तापला. आई, धंदा भावनेवर चालत न्हाय! म्या म्हणलं, चालत न्हाय तर धा रुपय वाढव, पर उघड वाढव. माप झाकून न्हाय. म्हणला, वाढवलं की लोकं वाचून पुढं जातील. म्या म्हणलं, जाऊ देत, वाचून जातील न्हवं, फसून न्हाय. मग त्याला छाटंचं सांगितलं. कवा सांगितलंच न्हवतं, बगा. आपली आज्जी विड्या वळायची येवढंच त्याला ठावं. त्यानं समदं ऐकलं. मग उठला, खडू घेतला, आन पाटीवर सोता लिवलं, पिझ्झा नऊ इंची, धा रुपये वाढवले आहेत. खाली कानडीत बी लिवलं. अक्षर त्याचं लई चांगलं हाय, बापावर गेलंय.

सोपं न्हवतं गेलं. पयला बाजार मोकळाच. एकजण आला, पाटी मोठ्यानं वाचली, वाढवलं व्हय, म्हणला. व्हय, म्हणलं, तुमाला कळावं म्हणूनच लिवलंय. गेला पुढं. दुसऱ्या बाजाराला थोडी आली. पारू न्हाय. माझा जीव खालवर. तिसऱ्या बाजाराला आली, संगं दोगी जावा हुत्या. लांबनं वरडली न्हाय. जवळ आली, पाटी वाचली, एकेक अक्षर लावून. मग म्हणली, सात. म्या कातर उचलली, इचारलं, तुला धरून? ती म्हणली, न्हायतर! आन खोकं तिनंच उघडलं, जावास्नी दावलं, बगा, असं असतंय हितं.

आता चाललंय. गाडी-बंगला न्हाय हुणार ह्यात, मिलिंदला बी कळलंय. कालिजची पोरं अजून काचंच्या दुकानातच जात्यात, त्यास्नी गार हवा पायजे, बरं हाय, जाऊ देत. तुमच्या नातवंडास्नी सांगा, स्वस्त कसं ते. आमाला भाडं न्हाय, खोक्यावर चित्र न्हाय, बेस पहाटं म्याच भाजते, भाजी बाजारातनं पारूच्याच पाटीतली. आन जे पैसं घेतो त्यातलं लपवत काय न्हाय. बास, येवढंच गुपित.

परवा एक मजा झाली. म्या नातीला घिऊन घरात हुते, गाड्यावर एकटा मिलिंद. एक पावणा आला, मोटरसायकलवर, म्हणला, पाच तुकडं. मिलिंदनं इचारलं, वहिनीला धरून? त्या माणसानं हेल्मेट काढलं, बोटं मोजली. म्हणला, सा कर रं बाबा. मिलिंदनं घरी येऊन हसत हसत सांगितलं. म्या हसले न्हाय. नातीला उरावर घिऊन नुस्तं ऐकलं.

कातर आता त्याला बी जमाय लागलीया. सात अजून वाकडं येतंय, येईल.

पोरास्नी लिवा, इंदूआज्जीचा आशीर्वाद हाय, लई शिका, पोटभर खा, आन कुणी माप झाकून दिलं तर उघडून बगा. परत याल तवा आदी कळवा, किती जण ते. म्या बेस राखून ठिवते. फकस्त आकडा नीट सांगा म्हणावं, तुमच्या आज्जीला धरून.