वाघ बोगद्यात

न्हाई, न्हाई, भाऊसायेब, नकाशा न्हाई त्यो — वाघशेळीचा पट हाय! हे बगा, हितं फरशीवरच मांडून दावतो, कोळसा आनलाय संगं. ह्या अशा रेघा. हे तीन चिंचोके म्हंजी वाघ, हे पंधरा खडे म्हंजी शेळ्या. वाघानं शेळीवरनं उडी मारली की शेळी मेली, आन शेळ्यांनी वाघाला समद्या बाजूनं कोंडला की वाघ मेला. झालं! एवढ्यापायी माझा महिपती तिकडं पलटणीत कैदेत बसलाय व्हय?

मी रखमाजी, कुरवंड्याचा. बाप त्याचा. तुमचा हुकूम आला तसा लोणावळ्याहून गाडी धरून आलो. रोज सांजच्याला देवळाच्या पायरीवर आमी दोगं खेळायचो — आन दुसरं बोलनं न्हवतंच आमच्यात. बापलेक काय बोलत्यात? मग त्यो लढाईवर गेला, तवा डाव पत्रातनं चालवला. एक चाल त्याची, एक माझी. आता घरांना नावं नगंत? मी जल्मभर घाटात रुळाच्या गँगवर — ह्या घराला पूल म्हंतो, ह्याला बोगदा, ह्यो वरचा सिंगल. म्हनून लिवलं, वाघ बोगद्यात, शेळ्या पुलावर. आन पलटणीत पत्रं फोडून वाचनाऱ्या सायबाला वाटलं, पूल उडवायचा बेत हाय! आवो, चिंचोके हायेत हे — हातात घिऊन तर बगा!

काय? त्यानं थांबवा म्हनलं न्हवतं का? — म्हनला हुता. खोटं कशाला बोलू. 'आबा, सायेब इचारत्यात, आता डाव बास,' असं पत्र आलतं. पर कसा थांबू? माझे दोन वाघ कोंडल्याले, तिसरा बोगद्यात, त्याला बी एकच वाट. पोरानं बापाला हरवलं म्हंजी गाव हसंल — लाज वाटली मला, भाऊसायेब. मग समदा पट कागदावर काढून धाडला, पूल-बोगद्याची नावं घालून, की बग, अजून वाट हाय मला! त्योच कागद ह्यो तुमच्या टेबलावरचा. म्या केलं हे. माझ्या हट्टापायी पोरगं आत गेलं, आन मला काय बी करता येत न्हाई.

बसा की, एक डाव खेळा. तुमी शेळ्या घ्या. घटकाभरात कळंल तुमाला, खेळ हाय का बेत हाय. न्हाई बसत? बरं, उभ्यानंच चाल सांगा, मी सरकवतो —

नावं कुनी लिवली? मला कुटं लिवता येतंय! आमच्या गंगाधर मास्तरांनी. लय भला मानूस, शाळा सुटली की कुनाचं बी पत्र लिवून देत्यात, च्या सुदिक घेत न्हाईत — आवो, पेन्सिल का काढली? मास्तरांचं नाव कशापायी लिवताय? त्येंना ह्यो खेळ येत बी न्हाई! खोडा ते. पाया पडतो, भाऊसायेब, खोडा.

शाळा कुटली? — न्हाई. आता काय बी इचारा. म्या तोंड मिटलं.