आमची वस्ती तलावात नाही

कोरडी लिहा जी तुमच्या सर्वेत, आमची वस्ती. एकदम कोरडी. बोट लावून पाहा ना जमिनीले — लागलं का ओलं? नाही ना? पस्तीस वर्षं झाले मी या तलावाच्या काठावर राहून राह्यली, इथंच वांगे-पालक पिकवतो, इथंच दारात इकतो, कवा घरात गुडघ्याएवढं पानी नाही पायलं. पावसाळ्यात येते म्हना थोडंसं, घोट्याएवढं — थे लिहू नोका. बसा ना, उभ्या उभ्या काय लिहिता. लिहा, मैनाबाई. मालकाचं नाव? आता कागदालेच पाहिजे तं घेतो बाई — देवीदास.

तुमचा थो नकाशा उलगडा बरं. हे पाहा, हे निळं! एकतीस घरं हायेत जी या निळ्यात. माहं घर, शेजारी मनकर्णाबाईचं घर, तिकडं भगवंताची पिठाची गिरनी — गिरनी चालते का पान्यात? नळाचा पाईप आला, गटाराचा आला, रस्त्यापलीकडच्या कॉलनीतले लोक नळ सोडून आंघोळा करून राह्यले, अन् आमच्या वस्तीच्या तोंडाशी येऊन थो पाईप असा वळला, जसं काही इकडं कुत्रं बांधेल हाय. आमचे हे गेले ना नळाच्या ऑफिसात. थो टेबलावरचा मानूस म्हने, बाबा, तुमची वस्ती तलावात हाय, तलावाले नळ कायले पाहिजे? यायनं तिथंच पँट वर केला, म्हने पाहा, पाय कोरडे हायेत माहे. तं थो म्हने, कागदावर ओले हायेत.

अन् गटाराचं तं इचारूच नोका. गटार नाही म्हनून ज्याच्या त्याच्या घरामांगं संडासची टाकी. टाकी भरली की उपसाची गाडी बलवा, अन् गाडीवाला रस्त्यावरूनच फोन करते — मावशी, मोबाईलमंदी पुढं तलाव दिसते, माही गाडी बुडन! आता बुडाले पानी तं पाहिजे ना जी? पानी आमच्या विहिरीत हाय फक्त. हो, आमचीच हाय थे विहीर. बंदी वस्ती, एकतीसच्या एकतीस घरं, तिच्यावरच पानी भरतात. पहाटेपासून लाईन. कोनाची सून रुसली, कोनाची म्हैस आटली, मले बंदं तिथंच समजते. दोर ओढता ओढता, मैनाबाई कशी हायस, मैनाबाई जेवली का — अन् जाता जाता पावभर मिरच्या नेतेच बाई. घरोघरी नळ आला तं कोन इचारते मले? कोन येते हो इकडं? — नाही, तसं नाही मले म्हनाचं. तुमी काय लिहून राह्यले? खोडा थे.

आता आलंच तोंडात तं सांगतो. दोन वर्षांमांगं असाच एक साहेब आला होता, टोपीवाला. उन्हानं लालीलाल झालता. मी त्याले ताक देल्लं. त्यानं इचारलं, मावशी, इकडं पानी भरते का? आता मी काय म्हनाचं होतं? नाही भरत म्हनाचं होतं. अन् मी काय म्हनलं? म्हनलं, भरते म्हंजे! बंदा तलावच होते बावा! मासोळ्या चुलीपावतर येतात! घरं तं नावाचे हायेत, चार महिने लोक सोयऱ्यायकडं राहतात! त्यानं ताक पेलं, मिशी पुसली, अन् निळा पेन काढला. — असं नोका पाहू जी माह्याकडं. एका गिलासभर ताकानं एकतीस घरं बुडतीन हे मले काय मालूम?

अन् मनकर्णाबाई! थे रोज विहिरीवर येते अन् हंडा टेकवला की सुरू — ज्या मेल्यानं आपल्याले तलावात टाकलं, त्याच्या जिभेले फोड येवो, त्याची कढी फाटो! अन् मी दोर ओढत म्हनतो, हो ना बाई, येवोच फोड. दोन वर्षं मीच मले शिव्या देऊन राह्यली.

मंग आमच्या रोहितचं जुळलं. म्हंजे जुळतच होतं. मूर्तिजापूरची पोरगी, प्रतीक्षा नाव, दवाखान्यात नोकरीले हाय, रोहितले लय आवडली. तिचे बाबा खुशालराव आले घर पाह्याले. पोहे खाल्ले, अन् इचारलं, नळ कुठं हाय? आमच्या यायले खोटं बोलता येत नाही, थे गुन माह्यातच हाय. हे म्हनले, नळ नाही जी, नकाशात आमी तलावात हाओत. खुशालरावानं बशी खाली ठेवली, म्हने, मंग मी काय पोरगी तलावात देऊ? अन् पोरीनं रोहितले फोनवर इचारलं, संडासात पानी कुठून नेता? हा बैल म्हने, आई विहिरीतून ओढून देते. थे म्हने, म्हंजे लग्न झाल्यावर मी जाईन तवाही तुही आई दोर ओढन का? पोरगं दोन दिवस जेवलं नाही जी. थे लोक म्हनले, नळ आला की कळवा.

आता ऐका. मनकर्णाबाईचा हात विहिरीच्या चिखलातच घसरून मोडला, मनगटाले पिलास्टर. त्या पिलास्टरच्या हातानं थे आमच्या यायच्यासंगं ऑफिसात गेली. एकदा नाही, पाच खेपा! तिथं त्या टेबलावर पिलास्टर आपटून म्हने, आमच्या मैनाच्या पोराचं लग्न थांबलं, नवा सर्वे करा, नाही तं मी इथंच बसतो. माह्या पोरासाठी! म्हनून तं तुमी आज इथं उभे हा. अन् मी तिले अजून... चार वेळा सांगाले गेली. चारही वेळा वांगे देऊन वापस आली.

तं लिहा तुमी, कोरडी. अन् पयला नळ मनकर्णाबाईच्या दारात टाका. मंग गटाराचा पाईपही तिकूनच घ्या. आमचा शेवटी आला तं चालन. रोहितले मी समजावतो.

थे पाहा आलीच, डाव्या कमरेवर हंडा घेऊन. नाही नाही, तुमी काही सांगू नोका. मीच सांगतो. तुमी उठा आता, तिकून गिरनीकडून मोजाले सुरू करा. जा ना जी लवकर! — ये मनकर्णाबाई. ये, बस इथं पोत्यावर. काही नाही झालं. तू पयले थो हंडा खाली ठेव.