साक्षीत राहून गेलेलं

आमचं गाव डोंगरात. एस्टी येते ती पायथ्यापर्यंतच, वर चालत जायचं. मी मथी, आयस-बापसाची चौथी पोर. थोडं भात, थोडी नागली, सगळं पावसाच्या भरोशावर, न भात झोडून झालं की आख्खं घर खाली वीटभट्टीवर, मी चालायला शिकली ती भट्टीवरच असं आयस बोलायची. शाळा चौथीपर्यंत. मंग लगीन झालं न नवरा मला कुंभवलीला घेऊन आला, त्याला कंपनीत मशीनवर काम लागलेलं, मागनं मी पण लागली पॅकिंगला. चाळीत एक खोली. पहिली वर्षं बरी गेली, खोटं कशाला बोलू.

मंग तो प्यायला लागला. सुट्टी झाली की कंपनीतले दोस्त बसायचे न हा पण बसायचा, घरी आला की एक-दोन ठेवून द्यायचा न झोपून जायचा. त्याचं मी जास्त सांगत नाय. कान गेला त्याचं सांगते. तुमी जरा ह्या बाजूला बसा, तिकडून मला ऐकू येत नाय.

कान गेल्यावर शेजारची बाई बोलली चल प्रार्थनेला, प्रभू बरा करील. म्हणून मी गेली. आधी मी गेली हां, तो मागनं आला, हे कोनी बोलत नाय. कान काय बरा झाला नाय, पण तिकडे बरं वाटायचं. पास्टर शिकवायचे, देव न माणूस पयले एका घरातल्यासारखे होते, मंग पाप झालं न मधे ओहोळ पडला, इकडून तिकडे कोनाला जाता येईना, तवा येशूने स्वतःला साकवासारखा आडवा टाकला, आता त्याच्यावरनं कोनी पण पलीकडे जावं. मला ते लगेच समजलं. आमच्या गावात पावसात साकव वाहून गेला की दोन-दोन महिने माहेर दिसायचं नाय.

तर हा पण आला. रडला, बाप्तिस्मा घेतला, दारू सोडली. त्या दिवसापासून हात उगारला नाय माज्यावर, ते पण सांगते. न मंग तो साक्ष द्यायला लागला. साक्ष म्हणजे उभं राहायचं न सगळ्यांसमोर बोलायचं, मी असा होतो, प्रभूने मला असा केला. बोलायला तो हुशार. दर रविवारी उभा राहायचा, बोलायचा, भावांनो, मी दारूत बुडलेला, सैतान अंगात, त्या नशेत मी बायकोचा कान फोडला, ती बघा बसलीय. न सगळी मंडळी वळून माज्याकडे बघायची. मंग बोलायचा, प्रभूने मला माफ केलं. हालेलुया, टाळ्या, बाया डोळे पुसायच्या. त्याला मनोरला बोलावणं, डहाणूला बोलावणं, मला पण सोबत न्यायचे. मला वाटायचं एकदा मारलं घरात, आता गावोगाव मारतोय.

पण खरी गोष्ट ती नाय. खरी गोष्ट अशी की त्या दिवशी तो प्यायलेला नवता.

काय झालेलं, कंपनीने त्याला मशीनवरनं काढून झाडू मारायला लावलेलं. त्याने मला सांगितलं नवतं. मला बाहेरनं कळलं न मी नळावर बायांमदी हसून बोलली, आमच्याकडे आता साहेब झाडू मारतात. ते त्याच्या कानावर गेलं. पहिली पाळी करून दुपारी घरी आला, चांगला शुद्धीत. चप्पल काढली. डबा खाली ठेवला. दाराला कडी लावली. मंग डोक्यावरचं कंपनीचं पिवळं हेल्मेट काढलं न त्या हेल्मेटनेच मारलं, ह्या बाजूला. मी पडली, त्याने पाणी प्यायलं, पुन्हा मारलं. कडी लावलेली मला अजून दिसते. दारू प्यायलेला माणूस कडी लावत नाय.

हे साक्षीत कधी आलं नाय. सगळं दारूवर घातलं, सैतानावर घातलं, न माफी मिळाली ती पण दारूचीच. मला वाटायचं, जे सांगितलंच नाय त्याची माफी ह्याला मिळाली कशी? हा साकवावरनं पलीकडे गेला न मला अलीकडेच ठेवून गेला.

पास्टर मला बोलले, ताई, तुमी मनापासून माफ करा, नायतर आकाशातला बाप तुमाला पण माफ करणार नाय, असं लिवलंय. मी घाबरली. मार खाल्ला मी न पापी पण मीच. पण खोटं माफ कसं करू? प्रभुभोजनाला येशूच्या नावाने भाकरीचं ताट फिरवतात, मनात अढी असली तर ती खायची नाय असं शिकवलेलं. तवापासून ताट आलं की मी भाकर घ्यायची नाय, पुढच्या बाईकडे द्यायची. बाया बघायच्या, हा धुतला गेला न ही तशीच राहिली.

मंग एकदा मी जवळा निवडत बसलेली, तो समोर, न मी बोललीच, त्या दिवशी तू प्यायलेला नवतास. तो बोलला, तुज्या डोक्याला लागलेलं, तुला आठवत नाय. मी बोलली, कान गेला माजा, डोकं नाय. तो उठून बाहेर गेला. त्याच्यानंतर रविवारी उभा राहायचा बंद झाला, कोनी विचारलं तर बोलायचा घसा बसलाय.

ह्या वर्षी तिकडे बोईसरला मोठा मांडव घातला, चार गावांची मंडळी आली, न पास्टरांनी माईकवर नाव घेतलं, काशिनाथ भाऊ साक्ष देतील. हा गेला. बोलला, मी आजवर खोटी साक्ष दिली. मी प्यायलेलो नवतो. माजा मान दुखावलेला, मी शुद्धीत होतो, मी कडी लावली. येवढंच बोलला. कोनी हालेलुया बोललं नाय, टाळी नाय, पास्टरांनी माईक घेतला न गाणं चालू केलं. नंतर घरी येऊन त्याला समजावलं, भाऊ, असं बोलून लोकांचा विश्वास डळमळतो, झालं ते झालं. आता त्याला कुठे बोलावत नाय.

मला वाटलेलं, हा खरं बोलला की माजं मन मोकळं होईल. नाय झालं. उलट जास्त रडू आलं, का ते मला पण समजलं नाय.

आता तो मागच्या रांगेत बसतो, ताट आलं की तो पण भाकर घेत नाय. मी विचारलं, तू का घेत नाय? बोलला, तू माफ केलं बोलशील तवा घेईन, त्याच्या आधी नाय. बघा, देवाचं न त्याचं जे काय ते माज्या हातात आणून ठेवलं. तो खोकतो हल्ली, कंपनीतली पावडर जाते छातीत, डॉक्टर एक्स-रे काढा बोलतात. मी रोज देवाला सांगते, बाबा, मला खोटं बोलायला लावू नको, माज्या तोंडातून माफी निघेल ती खरी निघू दे, मला किती दिवस लागतील ते मला माहीत नाय, तोवर ह्याला जगव.