जिभेला हाड नसतं, गुडघ्याला असतं

…आणि वर तो शिट्टीवाला, आम्हाला पळायला शिकवणारा, म्हणतो, "ताई, श्वासावर लक्ष द्या!" अहो, लक्ष द्यायला श्वास शिल्लक तर हवा ना! पहिल्या वळणालाच तो मला सोडून गेलेला असतो, पाठोपाठ बाकीची तरणीताठी मंडळी, आणि मागे मी एकटी, रस्ता झाडणाऱ्या बाईच्या सोबतीला. आणि तुम्हाला सांगते, परवा ती माझ्या पुढे गेली! झाडत झाडत! तेव्हा वाटतं, बाई गं, या वयात धावून धावून तुला जायचंय कुठं?

हे सगळं माझ्या नणंदेमुळे. तिनं मॅरेथॉन केलीय, हे ती चपला काढायच्या आधी सांगते. त्या दिवशी जेवायला आली, मला जिन्यात धापा टाकताना पाहिलं आणि गोड हसून म्हणाली, "वहिनी, तुझ्याच्यानं नाही व्हायचं हं हे." झालं! जिभेला हाड नसतं, ते काही उगाच नाही म्हणत. मी म्हटलं, "नाही व्हायचं? घाल माझं नाव!" अर्धी नाही, पाव नाही, अख्खी! आमचे हे शेजारीच जेवत होते. मला वाटलं, अडवतील. तर म्हणाले, "मीठ दे."

बरं, माझं काम काय? शिलाईच्या दुकानात कपडे ढिले करणं. लोकांची पोटं सुटतात, मी पँटी उसवते. दिवसभर बूड हलत नाही, नुसते पाय मशीनवर. शेठ म्हणतात, "आता मशीन काय पळत पळत चालवणार?" गिऱ्हाइकं हसतात. मीही हसते… करते काय! आणि हसता हसता पोटऱ्यांत असा गोळा येतो की कात्री सोडून टेबल धरते. धावून धावून जायचंय कुठं, सांगा ना!

शिट्टीवाला म्हणतो, "मनानं पळायचं असतं, ताई!" मन? मन केव्हाच घरी जाऊन आडवं झालंय हो, हे पायच तेवढे मागे राहिलेत!

तर काल शेवटचा मोठा सराव होता. मी शेवटाला पोचले तेव्हा पाण्याचं टेबलसुद्धा घडी घालून गाडीत गेलेलं. सगळे घरी. शिट्टीवाला तेवढा थांबलेला. मला वाटलं, आता ओरडणार. तर जवळ आला आणि हळूच म्हणाला, "ताई… पुढच्या वर्षी बघू या का आपण?" ओरडला असता तर परवडलं असतं! इतक्या मायेनं म्हणाला की मी फुटपाथवर बसून रडले. रडायलाही दम लागतो, हे मला तिथं कळलं.

ठरवलं, बास. घरी जायचं आणि यांना सांगायचं, "अहो, सोडलं मी." वाटेत चारदा म्हणून पाहिलं, एकदा तर एक सायकलवाला थांबून म्हणाला, "मला काही म्हणालात?" जिना चढले. दार उघडंच, आणि आमचे हे फोनवर, बहिणीशीच. "तिला काय समजलीस तू? अंगात ताप असला तरी उठून जाते. परत येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो. पण करणार ती! बघच तू. माझी बायको आहे!"

मी दारातच. हातात बूट. घर केलं, मुलगी वाढवली, सासऱ्यांचं आजारपण काढलं, या माणसाच्या तोंडून एक शब्द नाही! माझ्याकडे वळले, कान लाल झाले, म्हणाले, "आलीस? कसं झालं?"

मी म्हटलं, "झालं."

दुसरं काय म्हणणार हो? जन्मभर जे जे मला येत होतं, त्याला हा माणूस नुसता "हं" म्हणाला… आणि कौतुक केलं, तेही नेमकं अशा एकाच गोष्टीचं, जी मला जमत नाही!