एकट्याची जवारी

...न्हाई न्हाई, आत काहून वाकून पाहून राहिले? बसा की पाव्हणे, या बाकड्यावर बसा. मालकीण येईल आत्ता — मालकीण मंजी आमची नात, संध्या. जेवायला गेली. हा कॉम्प्युटरचा क्लास तिचाच. मी ग्यानोबा, तिचा आजा — मला यातलं काई येत न्हाई, निसता दाराशी बसतो. तुमी कुठले? डोंगरकडा? डोंगरकड्याचा माणूस कळमनुरीला येऊन आमच्या मशीनी मोजून राहिला — मोजल्या न्हाईत? बरं. मला वाटलं, त्या स्टँडावरच्या क्लासवाल्यानं धाडलं. मागं एक आला होता असाच पिशवी घेऊन. पाणी पिला, सगळं इचारलं, अन् गेला तो गेला.

तुमी बी तेच इचारलं — 'लिनक्स चालतं का?' संध्या सांगती, मशीन ज्याच्या जोरावर चालती ते लिनक्स, अन् इथं ती तेच शिकवती. हा शब्दच लई वंगाळ पाहा, चालतं. पहिले लोक इचारायचे तवा मी म्हणायचो, चालतं की, सकाळधरनं चालून राहिलं, एकदा बी बंद पडलं न्हाई. तर हसायचे. 'आबा, तसं न्हाई. बाजारात चालतं का? हापिसात चालतं का?' आता मी खोटं काहून बोलू? म्हणायचो, न्हाई बाबा, तिथं न्हाई चालत. की उठले, चपला घातल्या, गेले. एकामागं एक. तवापासून संध्या म्हणती, आबा, तुमी बसा, पण बोलू नका. — मी कुठं बोलून राहिलो?

हे लिनक्स फुकट हाय म्हणून मला बी शक होता. फुकट कोण देतं हो? तिला इचारलं, कोणाचं हाय हे? म्हणे, जगातल्या लोकांनी मिळून केलं, कोणी बी न्यावं, दुसऱ्याला द्यावं. मंग वाटलं, हे आपल्या गावरान जवारीसारखं झालं — बियाणं आमी कधी इकलं न्हाई, मागंल त्याला सूपभर दिलं. पण बियाणं चांगलं असून भागत न्हाई पाव्हणे. एका साली सगळ्या शिवारानं सोयाबीन पेरलं, मी एकट्यानं जवारी. कणसं अशी, मुठीत मावंनात! अन् शिवारातली झाडून सगळी पाखरं माझ्याच वावरात. गोफण फिरवून फिरवून खांदा गेला, हाती निसता कडबा. जवारीचा काय गुन्हा? काईच न्हाई. एकटी होती, एवढंच.

संध्याला हे सांगितलं तर रागावली — 'आबा, चांगल्याला चांगलं म्हणायला गर्दी लागती का?' म्हणलं, म्हणायला न्हाई लागत लेकरा, टिकायला लागती. आता दिवाळीपर्यंत कोणी आलं न्हाई तर कुलूप लावती म्हणून राहिली. रडत बी न्हाई पोरगी, तीच तकलीफ हाय... हे स्टँडावर बोलू नका हां.

काय काढून राहिले पिशवीतून? फोटो? कोणाचा? — तुमचाच! क्लासच्या फारमावर लावायला? तुमाला शिकायचं हाय? चालत न्हाई म्हणलं ना मी, ऐकलं न्हाई व्हय? ऐकलं. मंग? ... घरी जुनी मशीन पडली... तिच्यावर दुसरं काईच चालत न्हाई... हेच चालतं?

हेच चालतं.

थांबा थांबा, उठू नका — न्हाई, उठा! ती पाहा, आली संध्या. जवारीचं दुसरं वावर झालं की हो, आता पाखरं वाटून जातील. जा, आत जा. चपला भाईर काढा. पिशवी मातर इथंच ठेवा, माझ्यापाशी.

अन् इचारलं तिनं, तर सांगा — म्हातारा काई बोलला न्हाई.