दुसऱ्यांदा वाढलेला भात

माझं माहेर नागभीडच्या बाजूचं, भाऊ. मोकळा मुलूख, धानाची शेती, बापाची सोताची बोडी, म्हनजे शेतातलं लहानसं तळं, पान्याची कमी कधी नवती. बापानं मले देल्लं ते थेट धानोऱ्याच्या पल्याड, जंगलात. माय रडे, म्हने पोरीले वाघाच्या तोंडात देऊन राह्यले. वाघानं काई नाई केलं मले. वाघ बरा जी, तो कोनाले ईचारत नाई का तू इथी मर्जीनं आली का भेवानं.

सासू लय कडक होती. आता नाई ती, पन तिनं लावलेलं वळन हातातून जात नाई. पह्यल्याच आठवड्यात तिनं मले सांगतलं, दारी जेवाले बसलेल्या मानसाले एकदाच वाढाचं नाई. तो हात आडवा धरते, बस बस म्हनते, तरी भात टाकाचाच, अन म्हनाचं, घ्या ना जी, इतक्यानं काय होते. इकडं घरोघरी असंच आहे. न टाकता उठू देल्लं तं गावात नाव निंघते, का अमक्याच्या घरी पाहुना उपाशी उठला.

अन आमच्या गावात पाहुने दोन तऱ्हेचे, काय सांगू तुमाले. कधी वर्दीवाले गस्तीवर येत, कधी जंगलातले बंदूकवाले येत. दोघाईच्याही खांद्यावर बंदूक, दोघाईलेही भूक. वर्दीवाले आले तवाही मीच रांधलं, ह्याच पडवीत बसले, एक हवालदार तं म्हने, बाई, जवसाची चटनी अजून आन. आनली. त्यालेही दुसऱ्यांदा वाढलं. त्याचं कोनी आजवर ईचारलं नाई.

त्या दिवशी धान लावाचा रोवना आटपून आली होती मी, कंबर मोडून गेली होती. दिवस बुडता बुडता जंगलातले आले, पाच-सात जन. बंदुका कुडाच्या भिताडाले टेकवल्या अन बसले. त्याईचा म्होरक्या लय नरम बोलला, म्हने बाई, भात टाका जी, दोन दिवस झाले पोटात काई नाई. आता तुमी म्हना, नाई कोन म्हनन? बाजूच्या गावातला एक जन नाई म्हनला होता, तो सकाळी रस्त्यावर पडलेला सापडला. ते साऱ्याईले मालूम. मंग कोनाले बंदूक उचलाची गरज काय?

मी भात टाकला. ते जेवले. म्होरक्यानं हात आडवा धरला अन माझा हात आपोआप गेला, घ्या ना जी, इतक्यानं काय होते. भेव होतं का पोटात? होतं ना. पन हाताले पोटाचं काय मालूम.

जेवन झाल्यावर म्होरक्या सविताच्या बाबाले म्हने, भाऊ, नाल्याच्या पल्याड जाची वाट दाखव. सविताचे बाबा म्हनजे माझा मानूस. त्याईचा सोभावच कमी बोलाचा. हो म्हनले नाई, नाई म्हनले नाई, सदरा घातला, चपला घातल्या, पुढं चालले. वाट दाखवून वापस आले, हातपाय धुतले, निजले.

चार दिवसानं नाल्याच्या पल्याड गोळीबार झाला, एक जवान मेला. कोनाचं तरी लेकरू ते, मले काई आनंद नाई झाला. मंग पोलीस ह्याईले घेऊन गेले. म्हने यानं जेवू घातलं, यानं वाट दाखवली.

आमचा वकील नवीन पोरगा, बिचारा मन लावून सांगे. म्हने बाई, मानसानं भेवानं केलं तं कायदा सोडते, पन भेव कसं पाह्यजे, तं आत्ताच्या आत्ता जीव जाईन असं. बंदूक छातीवर होती असं सांगशील? मी म्हनलं, बंदुका भिताडाले टेकलेल्या होत्या जी. त्यानं डोक्याले हात लावला.

कोर्टात शेजारचा पोचीराम बोलून गेला, का बाईनं आग्रहानं वाढलं अन हे सोता पुढं चालले. त्याले काय दोष देऊ, तोही भेवानंच बोलला, फक्त त्याचं भेव वर्दीचं. मंग मले उभं केलं. सरकारी वकील ईचारे, कोनी धमकी देल्ली? नाई. दुसऱ्यांदा भात कोनी मांगला? कोनीच नाई. मंग काऊन वाढला? मी म्हनलं, वाढाच लागते साहेब. म्हने, कोनाची जबरदस्ती होती? मी म्हनलं, सासूची. म्हने कुठी आहे सासू? म्हनलं, मेली. सारं कोर्ट हासलं, भाऊ. मी सांगाले गेली का वर्दीवाल्याईलेही असंच वाढलं होतं, तं म्हने, ईचारलं तेवढंच बोला.

अन ह्याईले शिक्षा झाली. मी खोटं बोलाले पाह्यजे होतं म्हनतात लोकं. मले पस्तावा नाई, मले राग आहे. भेवाचं माप काढाले निंघाले, अन सारी उमर भेवात काढनाऱ्याच्या हाती माप देल्लं नाई.

आता नागपुरात अपील पडून आहे. वकील म्हनते थांबा, तं थांबून राह्यली. दुसरं काय आहे हातात?

मागच्या भेटीले जेलात गेली तं हे तिकून जाळीजवळ सरकले. मंग म्हने, सविताची माय, मी त्या दिवशी भ्यालो होतो का? म्हनलं, असं काय ईचारता. तं म्हने, इतक्या लोकाईनं इतक्यांदा ईचारलं, आता मलेच आठवत नाई. सोताच्या मर्जीनं गेलो असन का मी? तू होती ना घरी, तू पाह्यलं असन माझ्या तोंडाकडं, तू सांग.

मी म्हनलं, भ्याले होते तुमी, थरथर कापून राह्यले होते. त्याईनं मान हालवली. बरं वाटलं त्याईले.

पन तुमाले खरं सांगून राह्यली, भाऊ. मी त्याईच्या तोंडाकडं पाह्यलंच नवतं. मी खाली मान घालून खरकटी ताटं उचलून राह्यली होती.